एका सिस्टरवर किती रुग्ण?

१२ मे जवळ आला की गावोगावच्या रुग्णालयांत परिचारिका दिनाची तयारी सुरू होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार, दीपप्रज्वलन, दोन-चार सत्कार, आणि अलीकडे बऱ्याच ठिकाणी ताणतणावाच्या व्यवस्थापनावर एक व्याख्यान. व्याख्याते मनापासून बोलतात, श्वसनाचे प्रकार शिकवतात, सकारात्मक राहायला सांगतात. यात वाईट काही नाही. पण दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे, अशी ही गत आहे. आरोग्यसेवेतल्या माणसांच्या थकव्यावर जगभर पन्नास वर्षे अभ्यास झाला आहे. त्याचा रोख माणसाच्या मनाकडे कमी आणि वॉर्डाच्या रचनेकडे जास्त आहे. परिचारिका रुग्णांची काळजी घेऊन पिचत नाही. जी काळजी घ्यायला ती शिकली ती घेता येत नाही, म्हणून पिचते. सगळा अभ्यास या एका गोष्टीभोवती फिरतो आणि आपल्याकडची धोरणे नेमकी तीच चुकवून पुढे जातात.

‘बर्नआउट’ आज आयटीतल्या मुलांच्या तोंडी असते, पण त्याची पहिली नोंद दवाखान्यातली आहे. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर एका मोफत दवाखान्यात काम करत होते. मोठ्या उमेदीने आलेले सहकारी काही काळातच चिडचिडे होतात, आजारी पडतात, रुग्णांना टाळू लागतात, हे त्यांनी पाहिले आणि १९७४ साली त्यावर निबंध लिहिला. पुढे कॅलिफोर्नियातल्या ख्रिस्तिना मास्लाक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासोबत १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. ती आजही सर्वाधिक वापरात आहे. तिच्यात तीन खुणा मोजल्या जातात. मन पार रिते होणे ही पहिली. समोरचा रुग्ण माणूस न वाटता नुसते काम वाटू लागणे ही दुसरी. आणि आपल्या हातून कुणाचे काही भले होत नाही, ही भावना घर करणे ही तिसरी. आपल्याकडच्या सिस्टरांशी बोलले तर या तिन्ही खुणा त्यांच्या भाषेत ऐकू येतात: ‘डोकं बधिर होतं’, ‘आता काही वाटतच नाही’, ‘नुसती ड्युटी ढकलायची’.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यामुळे उद्भवणारी, कामाशीच निगडित अशी अवस्था, असे त्याचे वर्णन केले. हा फरक महत्त्वाचा आहे. आजार म्हटले की उपचार त्या बाईवर करायचे ठरते. कामाची अवस्था म्हटले की कामाकडे पाहावे लागते.

तर आधी ते काम पाहू. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयातला स्त्रियांचा मेडिसिन वॉर्ड घ्या. मंजूर खाटा तीस, पावसाळ्यात रुग्ण चाळीस-पंचेचाळीस. खाटा भरल्या की खाली गाद्या पडतात. त्यांना ‘फ्लोअर बेड’ म्हणतात आणि त्यांनाही नंबर असतात. रात्री आठला इव्हनिंगची सिस्टर ‘ओव्हर’ देते. कोणाचे सलाईन किती उरले, कोणाचे रक्त आणायला नातेवाईक गेलेत, कोणाला श्वास लागतोय, कोण रेफर होणार, हे सगळे तोंडी आणि वहीत. मग रात्रभर एक स्टाफ नर्स, नशीब असेल तर एखादी विद्यार्थिनी, आणि एक मावशी. त्या मावशीलाही मधूनच स्ट्रेचर ढकलायला किंवा लॅबमध्ये नमुने पोचवायला जावे लागते.

दहाची इंजेक्शने सुरू होतात. एका अँटिबायोटिकचा हिशेब मांडून पाहू. केसपेपरवरची ऑर्डर वाचायची, कुपी पाण्यात विरघळवायची, रुग्णाचे नाव विचारायचे, इंट्राकॅथ चालू आहे का बघायचे, सुजली असेल तर नवी शीर शोधायची, औषध सावकाश द्यायचे, सुई-सिरिंजची विल्हेवाट लावायची, हात धुवायचे, नोंद करायची. सगळे काटेकोर केले तर पाच मिनिटेही कमीच पडतात. पाचच धरली तरी चाळीस रुग्णांची दोनशे मिनिटे झाली, म्हणजे तीन तास वीस मिनिटे. मधे काहीही घडले नाही असे गृहीत धरून. आणि मधे काही घडत नाही अशी रात्र या वॉर्डात नसते.

समजा, अकराच्या सुमारास कॅज्युअल्टीतून फवारणीचे औषध पोटात गेलेली बाई आली. विदर्भ-मराठवाड्यातल्या सिस्टरांना ही केस नवी नाही. अशा रुग्णाला ॲट्रोपिन सुरू केले की सुरुवातीला दर पाच-दहा मिनिटांनी डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, छातीतली घरघर बघत डोस ठरवावा लागतो. कमी पडले तर फुप्फुसात पाणी भरून रुग्ण दगावतो, जास्त झाले तर भ्रमिष्ट होऊन सलाईन उपसून काढतो. त्या खाटेपाशी एका परिचारिकेने रात्रभर उभे राहायला हवे. ती उभी राहिली तर उरलेल्या चाळीस जणींकडे कोण बघणार? आणि ती इंजेक्शने देत फिरली तर या बाईकडे कोण बघणार? या प्रश्नाला त्या रात्री बरोबर उत्तर नाही. ती जे करील ते अर्धे चुकीचेच ठरणार असते, आणि हे तिला ठाऊक असते. सकाळी घरी गेल्यावर झोप न लागण्याचे कारण दमणूक नसते. तेरा नंबरच्या आजीची कूस रात्रभरात एकदाही बदलली नाही, ही आठवण असते.

अमेरिकेतल्या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापक बिअॅट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये परिचारिकांना एकत्र बसवून विचारले, की तुमच्याकडून नेमके काय राहून जाते? उत्तरात पुन्हा पुन्हा तीच कामे आली: रुग्णाला चालवणे, कूस बदलणे, वेळेवर भरवणे, अंग पुसणे, पोटात गेलेल्या-बाहेर आलेल्या पाण्याची नोंद, धीर देणे, घरी जाताना समजावून सांगणे, लक्ष ठेवणे. औषधे आणि तपासण्या शक्यतो चुकत नाहीत, कारण त्यांचा जाब डॉक्टर विचारतात. चुकते ती शुद्ध परिचर्या, जिचा जाब कुणी विचारत नाही. त्या गोष्टींवाचून माणसे मरतातही, पण आठवड्याने, बेडसोअर चिघळून किंवा न्यूमोनिया होऊन. तेव्हा कारण म्हणून त्या रात्रीचे नाव कुणी घेत नाही. योग्य काय हे कळते, पण व्यवस्था ते करू देत नाही, या कोंडीला अँड्रू जेमटन या तत्त्वज्ञाने १९८४ मध्येच नैतिक क्लेश म्हटले होते. परिचारिकांविषयीच्या पुस्तकातच म्हटले होते, हे विशेष.

मग ‘आता काही वाटतच नाही’ ही अवस्था येते कुठून? याचे सर्वांत खोल उत्तर मला एका जुन्या अभ्यासात सापडते. मनोविश्लेषक इझाबेल मेन्झिस यांनी १९५० च्या दशकाअखेरीस लंडनच्या एका शिक्षण देणाऱ्या रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास केला. मृत्यू, वेदना, घाण यांच्या इतक्या जवळ राहण्याची भीती पेलण्यासाठी अख्खी संस्थाच बचावाच्या रीती तयार करते, असे त्यांना दिसले. एका परिचारिकेकडे एक रुग्ण पूर्ण सोपवण्याऐवजी काम तुकड्यांत वाटायचे: हिने सगळ्यांचे तापमान, तिने सगळ्यांची बेडपॅन. रुग्णाला नावाने नव्हे, खाटेच्या नंबराने आणि बिघडलेल्या अवयवाने ओळखायचे. हे सर्व भीती कमी करण्यासाठी होते, पण त्यातून कामातले समाधानच नाहीसे झाले. शिकणाऱ्या मुलींतल्या बऱ्याच जणी अर्ध्यात सोडून जात, आणि सोडणाऱ्यांत चांगल्या, संवेदनशील मुलींचाही भरणा होता. ‘सात नंबरची टीबी’, ‘फ्लोअर तीनचं बीपी’ हे आपल्या वॉर्डातले शब्द ऐकताना मेन्झिस यांची आठवण होते. खेकसणाऱ्या सिस्टरचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असतो, आणि तो बोचतो. तिच्या खेकसण्याचे समर्थन मी करणार नाही. पण नोकरीच्या पहिल्या वर्षी ती तशी नव्हती, हे तिच्या बॅचच्या कुठल्याही मैत्रिणीला विचारून पाहावे.

आता याच्या उलट बाजूचे एक उदाहरण. ते मुंबईचे आहे आणि महाराष्ट्राला ठाऊक आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. मधली जवळजवळ ४२ वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. अंथरुणाला खिळलेल्या या बाईंना इतक्या वर्षांत एकही बेडसोअर झाला नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात नोंदली गेली आहे. ज्यांनी घरात अंथरुणावरचे माणूस सांभाळले आहे, त्यांना या एका वाक्याचे वजन कळेल. दर दोन तासांनी कूस, कोरडी चादर, मालिश, मऊ करून भरवलेला घास. हे पिढ्यान् पिढ्या, हल्ला झाला तेव्हा जन्मलेल्याही नसलेल्या मुलींनी केले. महापालिकेने त्यांना दुसरीकडे हलवायचे ठरवले, तेव्हा परिचारिकांनी विरोध करून ते थांबवले. अरुणा यांच्या दयामरणाची याचिका फेटाळली गेली, तेव्हा केईएममध्ये मिठाई वाटली गेली. त्या याचिकेबद्दल कुणाचे मत काहीही असो, त्या परिचारिका त्या कामाने पिचल्या नाहीत. ते काम त्यांचा अभिमान होते. तिथे रुग्ण नावाने ओळखला जात होता, काय करायचे हे त्यांनी स्वतः ठरवले होते, आणि सगळ्या जणी मिळून ते करत होत्या. त्याच रुग्णालयातल्या भरगच्च वॉर्डात त्याच परिचारिकांना तेच काम तसे करता येत नव्हते, हेही सांगायला हवे. परिचारिका त्याच, शिक्षण तेच, फरक हाताशी असलेल्या वेळेचा आणि माणसांचा.

हा फरक आकड्यांत पकडण्याचे मोठे काम अमेरिकेतल्या संशोधक लिंडा एकेन यांनी केले. पेन्सिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालये, १० हजारांहून अधिक परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले सव्वादोन लाखांवर रुग्ण घेऊन त्यांनी २००२ मध्ये निष्कर्ष मांडला: परिचारिकेवर सरासरी एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिकेला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. एकच रुग्ण वाढला तर. युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि मृत्यूचा आकडा पुन्हा ७ टक्केच निघाला. म्हणजे सिस्टरचा थकवा आणि रुग्णाचा मृत्यू ही एकाच कारणाची दोन फळे आहेत. ‘कर्मचाऱ्यांच्या मागण्या’ आणि ‘रुग्णांचे हित’ अशी जी फारकत आपण प्रत्येक संपाच्या वेळी करतो, तिला या आकड्यांपुढे आधार राहत नाही.

कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून तो अमलात आणला: अतिदक्षता विभागात एका परिचारिकेवर दोनपेक्षा जास्त रुग्ण नकोत, साध्या वॉर्डात आधी सहापेक्षा आणि २००५ पासून पाचपेक्षा जास्त नकोत, तेही प्रत्येक पाळीत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने २०१६ मध्ये दिवसा चार आणि रात्री सात अशी मर्यादा घातली. त्यानंतर मृत्यू आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले, आणि वाढीव परिचारिकांच्या पगारापेक्षा वाचलेला खर्च जास्त भरला.

आपल्याकडेही प्रमाण आहे. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सांगतात, की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका हवी, शिवाय रजांसाठी ३० टक्के राखीव. ऐकायला हे कॅलिफोर्नियाच्या तोडीचे वाटते, पण इथे एक मेख आहे. हे प्रमाण एकूण पदांचे आहे. तीन पाळ्यांत वाटले की महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्रत्येक पाळीला एका परिचारिकेवर नऊ आणि इतरत्र पंधरा रुग्ण होतात. निकष शंभर टक्के पाळला तरी हे. त्यातून रिक्त पदे वजा करा, प्रतिनियुक्त्या वजा करा, बाळंतपणाच्या रजा वजा करा, व्हीआयपी दौऱ्याला पाठवलेली सिस्टर वजा करा; आणि मंजूर खाटांऐवजी खऱ्या रुग्णांनी भागा. मग वर पाहिलेली रात्र तयार होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालके होती. त्याआधी ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ जण गेले. दोन्ही वेळी औषधांची टंचाई, मनुष्यबळ, गर्दी यांवर आठवडाभर चर्चा झाली. नांदेडला एका खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. पदे किती भरली, हा प्रश्न त्या दृश्यामागे दडून गेला.

कामाच्या ताणाबद्दल अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांचे १९७९ चे एक सूत्र फार उपयोगी आहे: नुसते काम जास्त असल्याने माणूस तितका खचत नाही, काम जास्त आणि त्यावर आपला अधिकार कमी असेल तर खचतो. परिचारिकेची जागा याच कोपऱ्यात आहे. वॉर्डात चोवीस तास तीच असते, म्हणून जबाबदारी तिची. पण खाटा किती, डॉक्टर किती, औषध कुठले, नातेवाईक किती आत सोडायचे, यातले काहीच तिच्या हातात नाही. इन्चार्ज सिस्टरच्या ताब्यात डेड स्टॉक असतो. चादरी, थर्मामीटर, सलाईनचे स्टँड, सक्शन मशीन यांचा हिशेब तिने द्यायचा. चार्ज देताना एखादी वस्तू कमी भरली तर भरपाईची तलवार तिच्या मानेवर. रुग्णांच्या डोक्याशी बसण्याऐवजी चादरी मोजण्यात किती अनुभवी परिचारिकांची सकाळ जाते, याचा हिशेब एकदा कुणीतरी करायला हवा.

जबाबदारी आणि अधिकार यांच्यातल्या या विषमतेचे भीषण रूप दोन आगींनी दाखवले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाच्या आगीत ११ रुग्णांचा मृत्यू झाला. भंडाऱ्यात दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला. नगरमध्ये ज्यांना अटक झाली त्यांत एक वैद्यकीय अधिकारी होत्या आणि तीन परिचारिका. वरिष्ठांवर निलंबनाची कारवाई झाली, हे खरे. कोणाची चूक किती, हे न्यायालय ठरवील. पण वायरिंग, अग्निशमन यंत्रणा, तिचे परीक्षण, त्यासाठीचा निधी यांपैकी कशावरही सही करण्याचा अधिकार नसलेल्या बाई कोठडीत गेल्या, तेव्हा राज्यभरातल्या परिचारिकांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला. बर्नआउटच्या प्रश्नावलीत हा प्रश्न नसतो: उद्या काही झाले तर माझ्या पाठीशी कुणी उभे राहील का?

पगार आणि नोकरीची शाश्वती यांवर थोडक्यात लिहितो, कारण ही बाजू निदान मोर्चांमधून लोकांसमोर आली आहे. २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या केरळच्या तरुण परिचारिकेच्या आत्महत्येनंतर बाँड आणि अडकवून ठेवलेली प्रमाणपत्रे हा विषय देशभर पेटला. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली, की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने परिचारिकेला राज्य सरकारइतके वेतन द्यावे आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयानेही दरमहा २० हजारांखाली जाऊ नये. केरळच्या परिचारिकांनी लढून २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढायला लावली. महाराष्ट्रात कितीतरी छोट्या रुग्णालयांत जीएनएम झालेली मुलगी आजही त्या २० हजारांची वाट पाहते आहे, आणि तिच्या शेजारी चार महिन्यांत शिकवून उभी केलेली, नोंदणी नसलेली मुलगी पांढऱ्या कोटात इंजेक्शने देते आहे. सरकारी बाजूला मे २०२२ मध्ये राज्यभरच्या परिचारिका संपावर गेल्या, त्या बाह्यस्रोतातून भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध. कंत्राटी सिस्टरला रजा मागताना पुढच्या वर्षीचा आदेश डोळ्यांसमोर दिसतो. या अनिश्चिततेत ती वरिष्ठाला ‘हे मला एकटीला जमणार नाही’ असे कधी म्हणणार?

रात्रपाळीचे दुष्परिणाम आता वादाचा विषय राहिलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले. जगातल्या बहुतांश परिचारिका स्त्रिया आहेत. नाईट करून सकाळी नऊला घरी पोचलेल्या बाईला आपल्याकडे झोप मिळत नाही, आधी डबे आणि धुणे मिळते. हे घरातल्यांनी बदलायचे आहे. त्यासाठी कुठल्या शासन निर्णयाची गरज नाही.

निवासी डॉक्टरांची अवस्था निराळी नाही. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत दिवसाला बारा तासांहून अधिक सलग काम आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम सामान्यतः नको, असे आहे. प्रत्यक्षात ३६ तासांची ड्युटी हा शिक्षणाचाच भाग मानला जातो. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन या अठरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या वडिलांनी हाच प्रश्न धसास लावला आणि अखेर २००३ मध्ये अमेरिकेत आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. आपल्याकडे कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी जे घडले, ते दीर्घ ड्युटीत विसावा घ्यायला सेमिनार हॉलमध्ये गेलेल्या डॉक्टर मुलीच्या बाबतीत घडले. देश हादरला तो बलात्कार आणि हत्येने. पण डॉक्टरला पाठ टेकायला कडी लागणारी खोली नसते, ही गोष्ट त्याआधी प्रत्येक रुग्णालयाला माहीत होती. डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. मारहाण मात्र थांबलेली नाही, कारण बहुतेक वेळा ती जिथे एकच सिस्टर आणि एकच शिकाऊ डॉक्टर असतो तिथे, रात्री, मृत्यूची बातमी सांगताना होते.

खेड्यात उपकेंद्राच्या एएनएम ताई आहेत. सपाटीवर पाच हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष. लसीकरण, बाळंतपण, गृहभेटी, आणि या सगळ्याच्या नोंदी आधी रजिस्टरमध्ये, मग ॲपमध्ये. त्यांच्याबरोबर आशा स्वयंसेविका. कोविडमध्ये दारोदार फिरलेल्या देशभरातल्या या दहा लाखांवर स्त्रियांचा जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये गौरव केला. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीच्या कबुलीच्या अंमलबजावणीसाठी आझाद मैदानावर बसून होत्या.

आता उपायांकडे. संशोधक मारिया पानायोटी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या उपायांचे अनेक प्रयोग एकत्र तपासले. वैयक्तिक प्रशिक्षणाने फरक पडतो, पण थोडा. कामाच्या वेळा, भार आणि कार्यपद्धती बदलली तर त्याहून बराच जास्त. एकटेपणावर एक चांगला उपाय बोस्टनमध्ये सापडला. केनेथ श्वार्ट्झ हे वकील १९९५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. काळजी घेणाऱ्यांच्या मायेने असह्य दुखणे सुसह्य झाले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या बैठकांत डॉक्टर, परिचारिका, सफाई कर्मचारी एकत्र बसतात आणि एखाद्या रुग्णाने आपल्या मनावर काय ठसा उमटवला ते बोलतात. उपचाराची चर्चा करत नाहीत. अशी बैठक आपल्याकडे तासाभरात, चहाच्या खर्चात होऊ शकते. पण तो तास मोकळा मिळायला वॉर्डात दुसरी सिस्टर हवी.

अमेरिकेतच १९८३ मध्ये एक उलटा प्रश्न विचारला गेला: परिचारिकांचा तुटवडा असताना काही रुग्णालयांतून त्या सोडून का जात नाहीत? अशी ४१ रुग्णालये सापडली. तिथे परिचारिका पुरेशा होत्या, मेट्रनला व्यवस्थापनाच्या टेबलावर जागा होती, रुग्णाबद्दलचे निर्णय घेण्याची परिचारिकेला मुभा होती आणि डॉक्टर तिचे ऐकत. आपल्या अधिसेविकेला खरेदी समितीत, बांधकामाच्या आराखड्यात, अंदाजपत्रकात काय स्थान आहे? हे बदलायला पैसाही लागत नाही. दरम्यान महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. आपल्या मुलींनी जरूर जावे, चांगले कमवावे. मात्र जाणाऱ्या प्रत्येकीमागे इथल्या वॉर्डात राहणाऱ्या सिस्टरवर आणखी रुग्ण येणार असतील, तर त्या कराराचा तो भागही कुणीतरी लिहायला हवा.

इंग्लंडमध्ये मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात खर्चकपातीच्या नादात परिचारिका कमी झाल्या आणि रुग्णांचे अतोनात हाल झाले. त्याच्या चौकशीचा अहवाल रॉबर्ट फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये दिला. त्यानंतर तिथल्या सरकारी रुग्णालयांत वॉर्डाच्या दारावर फलक लागू लागले: या पाळीत परिचारिका किती हव्यात आणि प्रत्यक्षात किती आहेत. महाराष्ट्रात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे बंधन खासगी रुग्णालयांवर २०२१ च्या नियमांनी आलेच आहे. त्याच फलकावर आणखी दोन आकडे लिहायला लावणे अवघड नाही, आणि सरकारी रुग्णालयांना त्यातून सूट नको. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत, रुग्ण कल्याण समितीत, ग्रामसभेत, आमदारांच्या जनता दरबारात हा एक प्रश्न विचारा: आमच्या रुग्णालयात रात्रीच्या पाळीला एका सिस्टरवर किती रुग्ण असतात? आणि उत्तर लेखी मागा.